ज्या पायाला सगळे चांगला म्हणत होते

माझा डावा पाय गुडघ्याच्या खाली नाही. त्याबद्दल रडून झालं, देवाशी भांडून झालं, आता त्याचं फारसं काही वाटत नाही. राग आहे तो उजव्या पायावरून. उजवा पाय मला जन्मापासूनचा, आणि तोही मी घालवून बसणार होतो, थोडक्यात वाचला. गेला असता तर सगळ्यांनी एका सुरात एकच शब्द सांगितला असता: शुगर. मग मी चाकाच्या खुर्चीत आणि ते सगळे मोकळे.

म्हणून हे लिहितोय. ज्यांचा एक पाय गेलाय आणि नकली पाय बसवलाय, त्यांनी वाचावं, त्यांच्या घरच्यांनी तर नक्की वाचावं. डॉक्टरांनी वाचलं तर चांगलंच, पण त्यांच्या भरवशावर मी लिहायला बसलेलो नाही.

मी रावेर तालुक्यातला केळीचा व्यापारी. बापाची बाग नव्हती. दुसऱ्यांच्या बागेतले घड खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत न्यायचे, हे माझं पहिलं काम. मान वाकडी व्हायची, केळीच्या चिकाने सदरा काळा पडायचा आणि तो डाग कधी निघायचा नाही. तिथून वर आलो. माल ओळखायला शिकलो, माणूस ओळखायला शिकलो आणि मग स्वतःच्या नावाने ट्रक भरायला लागलो. मला कोणी काही फुकट दिलं नाही, म्हणून मी कोणाचं पहिलं बोलणं शेवटचं मानत नाही. भावाचंही नाही आणि डॉक्टरचंही नाही.

आमच्या धंद्यात खुर्चीत बसून माल घेणारा बुडतो. शेतकरी तुम्हाला बांधावरचे घड दाखवणार. बांधावर ऊन भरपूर, तिथला घड पोसलेला. खरी बाग आत असते. ओळींमधून वाकून, ठिबकच्या नळ्या ओलांडत, कुजलेल्या पानांच्या थरावरून चालत मधोमध जावं लागतं. तिथे उभं राहून घड बघायचा आणि मग भाव बोलायचा. म्हणजे माझा धंदा पायावर. तोंडावर दुसऱ्या नंबरला.

डावा

घड जड झाला की झाड कलतं, म्हणून बांबूचा टेकू देतात. अशाच एका फुटक्या बांबूची सुईसारखी कूस चपलेतून माझ्या डाव्या तळव्यात गेली. मला कळलंच नाही. शुगर बरीच वर्षं होती, गोळी आठवेल तेव्हा घ्यायचो, तळव्यांची जाण कमी झालेली. संध्याकाळी आंघोळीला बसलो तेव्हा पाणी लाल दिसलं. हळद भरली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी परत बागेत.

पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं. अंगठा काळा, मग बोटं काळी, मग घोट्यापर्यंत सूज. जळगावला नेलं तेव्हा सर्जननी पाय बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या बायकोला, सुमनला, म्हणाले, "ताई, तुम्ही बाहेर या जरा."

मी ओरडलो, "पाय माझा आहे, तिचा नाही! मला सांगा."

त्यांनी सांगितलं. मी घोट्यापासून कापा म्हणत होतो, ते गुडघ्याखाली म्हणत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा असा माणूस बघितला जो एक इंचही खाली येत नव्हता.

वॉर्डातले दिवस सारखेच. सकाळी बोटाला सुई टोचून शुगर, मग ड्रेसिंगची गाडी. तिचं एक चाक कुरकुरायचं. ते लांबूनच ऐकू यायचं. ती शेजारच्या खाटेपाशी थांबली की वाटायचं, बरं झालं, आधी त्याला. असा विचार करतो आपण. कोणी सांगत नाही, मी सांगतो.

नसलेल्या अंगठ्याला खाज यायची. भेटायला नातेवाईक यायचे, सफरचंदं ठेवायचे आणि रिकाम्या जागेवर चादर सपाट पडलेली असायची तिकडे न बघता म्हणायचे, "एक पाय तर चांगला आहे ना! बास झालं." मला त्या वाक्याचा पहिल्यापासून वीट यायचा. पण त्यात खोट आहे हे तेव्हा कळलं नाही.

धुळ्याचा पाय

नकली पाय मला धुळ्याच्या एका केंद्रात मिळाला. केंद्राचं नाव लिहीत नाही. तिथल्या प्रमुखांना सगळे साहेब म्हणतात, मीही साहेबच म्हणतो. माणूस वाईट नाही. त्याला स्वतःचं काम फार आवडतं एवढंच.

त्यांनी उरलेल्या पायाचं माप घेतलं, साचा केला, पाय बसवला. सोबत काळे जोडे दिले. दोन लोखंडी दांड्यांच्या मधून चालायला शिकवलं. गुळगुळीत फरशी, वर पंखा, समोर मोठा आरसा. मी आरशात बघत चाललो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुमन रडली. मीही रडलो असतो, पण साहेब मोबाइलवर शूटिंग करत होते.

पुढे त्यांनी देणगीदारांसाठी कार्यक्रम ठेवला तेव्हा मला बोलावलं. काळे जोडे, कडक इस्त्रीची पँट. मी सतरंजीवरून चालत गेलो, शाल घेतली आणि चालत परत आलो. साहेब माइकवर म्हणाले, "ओळखा पाहू, यांचा कोणता पाय खोटा?" कोणीतरी उजवा म्हणालं आणि सगळा हॉल हसला. माझीही छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

घरी आलो आणि जसं सगळे करतात तसं केलं. ओसरीवर जोडे काढले आणि आत गेलो.

एवढंच. एवढीच चूक. आपल्याकडे हिला कोणी चूक म्हणत नाही. उंबऱ्याच्या आत जोडा नाही, देव्हाऱ्यासमोर नाही, सैपाकघरात तर नाहीच. शेतकऱ्याच्या घरी भाव ठरवायला गेलो तरी जोडे ओट्याखाली. देवळात, लग्नाच्या मांडवात, तेराव्याला, सगळीकडे अनवाणी. बाहेरचं माझं चालणं असायचं किती? गाडीतून उतरून बागेत आणि परत. बाकी पूर्ण दिवस मी नकली पायावर अनवाणी होतो.

आणि अनवाणी चालताना मला रोज चढ लागायचा. सपाट फरशीवर चढ. मांडी भरून यायची, डावा गुडघा मागे ढकलल्यासारखा व्हायचा. वाटायचं, सवय नाही, होईल. मुलगा नितीन, जो आता धंद्यात आहे, म्हणायचा, "पप्पा, आता बसा ना ऑफिसात. मी बघतो बागा." मी त्याला म्हणायचो, "तू बांधावरून भाव देऊन येतो. तुला आतलं काय दिसतं?" तो दुखावायचा. त्याला काय माहीत, मी फक्त अजून उठू शकतो हे दाखवण्यासाठी उठत होतो.

फरशीवरचे डाग

एके सकाळी सुमन फरशी पुसत होती. ती मला म्हणाली, "अहो, हे कशाचं आहे? काल पण पुसलं होतं मी."

ओसरीपासून माझ्या खुर्चीपर्यंत ओले गोल डाग होते. रुपयाएवढे, पिवळसर. एकाच बाजूला. मी म्हणालो, "मांजराचं असेल." ती पोछा हातात घेऊन डागांमागून चालत आली ती थेट माझ्या पायापाशी.

"उजवा पाय वर करा."

"तो चांगला आहे गं."

"वर करा म्हणते ना!"

अंगठ्याच्या मुळाशी, चवड्यावर, भोक होतं. बोटाचं टोक जाईल एवढं. बाजूची कातडी पांढरी, जाड. मला काही म्हणजे काही दुखत नव्हतं. सुमन खाली बसली ती उठेचना. मी तिच्यावरच खेकसलो, "बघत काय बसलीस? गाडी काढायला सांग."

जळगावचे तेच सर्जन. या वेळी त्यांनी सुमनला बाहेर बोलावलं नाही. एक बारीक सळई भोकात घालून बघितली. "हाडाला अजून लागलेलं दिसत नाही. एक्स-रे काढू. पण काका, हा पाय गेला तर..."

"तर काय?"

"तर दुसराही खोटा."

मी म्हणालो, "मला मुदत द्या."

"हा केळीचा भाव नाही."

"मुदत तर आहे ना? हाडाला लागलेलं नाही म्हणता, म्हणजे मुदत आहे. किती ते बोला."

त्यांना हसू आलं. पण मी हसण्यासाठी बोललो नव्हतो. त्यांनी मुदत दिली. पायाला प्लॅस्टरसारखं कडक कवच घातलं, औषधं बदलली, इन्सुलिनची सुई सुरू केली. अट एकच: या पायावर भार नाही.

एक पाय असलेल्या माणसाला सांगतात, त्या पायावर भार देऊ नका. जो ऐकेल तो हसेल. मी चाकाच्या खुर्चीत बसलो. आमच्या घरात प्रत्येक दाराला उंबरा. प्रत्येक उंबऱ्यावर नितीन आणि सुमन मला खुर्चीसकट उचलायचे. संडासात जायचं तर आधी हाक मारायची. ज्या माणसाच्या हाकेने ट्रक हलायचे, तो आता हाक मारायला लाजायचा. त्या काळात मी घरातल्या सगळ्यांशी वाईट वागलो. नितीन एकदा म्हणाला, "पप्पा, आम्ही पण माणसं आहोत."

जखम भरली. कवच निघालं. सर्जन म्हणाले, हळूहळू चाला, शुगर सांभाळा. मी गोडाकडे बघितलंही नव्हतं, सुई चुकवली नव्हती. घरातल्या घरात चालायला लागलो, आणि त्याच जागी कातडी परत लाल झाली. गरम लागायची हाताला. सर्जननी चष्मा काढून ठेवला. "परत उघडली तर मी तुम्हाला मुदत देऊ शकणार नाही. पुढचा पंजा काढावा लागेल. शुगर आहे काका, काय करणार?"

तिथे माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "डॉक्टर, शुगर माझ्या सगळ्या अंगात आहे. हातात आहे, डोळ्यात आहे. टाचेत पण असेल. मग जखम दोन्ही वेळा एकाच जागी का? टाचेला का नाही?"

त्यांनी चष्मा परत चढवला आणि तळवा बघितला. मग म्हणाले, "तिथे भार जास्त पडत असणार."

"का पडतो?"

"ते मी नाही सांगू शकत. तुमचा नकली पाय बसवलाय ना, त्यांना विचारा. त्यांच्याकडे भार मोजायची चटई असते."

म्हणजे असं यंत्र होतं! पहिल्यापासून होतं! आणि शाल देताना कोणाच्या डोक्यात आलं नाही.

बाग आत असते

धुळ्याला गेलो ते भांडायच्या तयारीने. खोलीच्या दारावर पाटी होती, पादत्राणे बाहेर काढावीत. मला मात्र आतून सांगितलं, "तुम्ही जोडे ठेवा, तुमची टेस्ट आहे."

जमिनीवर काळी चटई, टेबलावर पडदा. त्यावर चाललं की तळव्याचा कोणता भाग किती दाबतो ते रंगात दिसतं. टीव्हीवर पावसाचा नकाशा दाखवतात तसं. निळं म्हणजे कमी, लाल म्हणजे धोका. यंत्र चालवणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडम नवीन होत्या. त्यांनी मला जोड्यांसकट चालवलं. उजवा पाय डाव्यापेक्षा जास्त रंगलेला होता, पण लाल कुठे नाही.

साहेब खूश झाले. "बघा काका, आमच्या पायात दोष नाही. एक पाय खोटा असला की खऱ्यावर थोडा भार जास्त येतोच. तुमचा प्रॉब्लेम शुगरचा आहे."

मी बाकावर बसलो आणि जोड्यांचे बंद सोडायला लागलो.

"हे काय करताय?"

"आता असं मोजा."

"अनवाणी? तशी पद्धत नाही. पाय जोड्याच्या टाचेच्या मापाने सेट केलेला असतो. जोड्याशिवाय मोजून काय उपयोग?"

ते वाक्य मी त्यांना पुन्हा बोलायला लावलं. "टाचेच्या मापाने म्हणजे?"

"म्हणजे जोड्याला टाच असते ना, तेवढी उंची धरून पाय तिरका बसवतो. टाच काढली तर पाय मागे झुकणार."

"साहेब," मी म्हणालो, "तुम्ही मला बांधावरचा घड दाखवून राहिले. मी बाग आत जाऊन बघतो. मी घरात दिवसभर असा चालतो. मोजा."

"घरात पण जोडे घालायला पाहिजेत तुम्ही."

आवाज चढलाच माझा. "तुम्ही घालता? आत्ता तुमच्या पायात काय आहे?"

साहेबांनी खाली बघितलं. ते अनवाणी होते. मॅडम अनवाणी होत्या. त्यांच्या स्वतःच्या दारावर स्वतःची पाटी होती.

साहेबांचं तोंड लाल झालं. "तुम्हाला पाय दिला तेव्हा सांगितलं होतं, जोडा घालूनच चाला."

"चाला म्हणजे रस्त्याने चाला असं कोणीही समजेल! घरात काय घालता, असं एकदा विचारलं का? तुम्ही कुठले, अमेरिकेचे? धुळ्याचेच ना?"

मॅडम मध्ये पडल्या. "सर, चार पावलं घेऊ. कातडी उघडलेली नाही. मी धरते त्यांना."

चार पावलं टाकली. तोच चढ. पडद्यावर उजव्या पायाचा चवडा पेटला. अंगठ्याच्या मुळाशी लाल गोल, बरोबर तिथे जिथे भोक पडलं होतं. टाचेला जवळजवळ काही नाही. मॅडमनी बाजूने काढलेलं चित्रीकरण हळू करून दाखवलं. जोडा काढल्यावर डावा पाय मागे कलतो. पुढे टाकताना त्याचा पंजा फरशीला अडकेल म्हणून मी दर पावलाला उजव्या चवड्यावर उचलून उभा राहतो, उंच फळीवरचं काही काढायला माणूस टाच उचलतो तसा. सगळं अंग त्या एका जागेवर. मग पुढचं पाऊल. मग परत. मला हे ठाऊकच नव्हतं. माझं शरीर माझ्या पाठीमागे हा व्यवहार करत होतं.

मग मॅडम म्हणाल्या, "आम्ही विचारायला पाहिजे होतं, काका."

मला तेच साहेबांच्या तोंडून ऐकायचं होतं. मी वाट बघत होतो. आजही बघतोय.

मायशी सौदा

उपाय साधा निघाला. उठल्यापासून झोपेपर्यंत दोन्ही पायांत जोडे, घरातही. घरातल्या जोड्याची टाच बाहेरच्या जोड्याएवढीच. उजव्या जोड्यात मऊ गादी, चवड्याखाली ती कोरून खळगा केलेला. आंघोळीसाठी प्लॅस्टिकची वेगळी जोडी, तीही त्याच उंचीची.

साधा फक्त धुळ्यात. घरी माझी माय आहे. वय झालंय, डोळ्यांनी कमी दिसतं, पण उंबऱ्यावर काय चाललंय ते सगळं दिसतं.

"घरामधी जोडे? देव्हाऱ्यासमोरून?" ती म्हणाली. "तुह्या बापानं कधी चप्पल आत आणली व्हती का?"

"बापाला दोन पाय होते, माय."

"मले शिकवू नको. लोकं काय म्हणतीन?"

"मग हा पण कापू का? सांग. उद्याच जातो जळगावला."

असं बोलायला नको होतं. तिने पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळली. त्यानंतर आमचं बोलणं बंद. ती सुमनला सांगायची, "त्याले म्हणा, जेवून घे." मी ओसरीवर खुर्चीत जेवायचो. आत पाऊल टाकत नव्हतो. आत अनवाणी जायचं नाही आणि जोड्याने जाऊ देत नाही, म्हणजे ओसरीच माझं घर.

शेवटी तीच आली, भिंत धरत धरत. माझ्यासमोर बसली. मी ओळखलं, सौदा आहे.

"हा जोडा रस्त्यावर जाईन?"

"नाही. हा घरातलाच. बाहेरचा वेगळा."

"अंगणात?"

"नाही."

"मोरीत?"

"त्याला तिसरा आहे."

"बापा! दोन पायाले तीन जोडे," ती म्हणाली. "राजा झाला तू." मग थोडं थांबून, "सैपाकघरात नही."

"आता कुठे चूल आहे माय? गॅस आहे."

"नही म्हणजे नही. देव्हाऱ्याच्या खोलीत पण नही. तू दारातून हात जोड, देव काय आंधळा हाये?"

मी खूप ताणलं. तिने एक फूट जागा सोडली नाही. ते सर्जन सोडले तर खानदेशात माझ्याशी भावात टिकलेला माणूस मी एकच बघितला, आणि त्याने मला जन्म दिला. सैपाकघर सोडलं. जेवणाचं टेबल पुढच्या खोलीत आलं.

नवे जोडे उंबरा ओलांडून आत आले त्या दिवशी तिने सुमनकडून कुंकवाचा करंडा मागून घेतला. जोडे पाटावर ठेवले आणि चाचपडत दोन्हींवर हळदकुंकू लावलं. सुमनला हसू आवरेना.

"हसते काय व? नवी वस्तू घरात येते, तिले लावतातच," माय म्हणाली. "त्याचा पायच हाये तो."

मी तोंड फिरवून उभा राहिलो. घरच्यांसमोर मी रडत नसतो.

आता रोज आंघोळ झाली की सुमन माझा उजवा तळवा बघते. आरसा असतो तरी तिला माझ्यावर विश्वास नाही, आणि बरोबर आहे. लाली गेली आहे. कातडी मऊ आहे. सर्जन म्हणतात, सांभाळा. मी बागेत जातो, मधोमध जातो. नितीन सोबत असतो. पुढच्या ओळी मी त्याला बघायला सांगतो, आणि तो आता बांधावरून भाव बोलत नाही.

राग गेला का? नाही. ज्यांना विचारणं सोपं होतं त्यांनी विचारलं नाही, आणि त्याची किंमत माझ्या पायाने दिली असती. पायाकडे बघताना मी देवाचे आभार मानतो आणि लगेच साहेबांची आठवण येते. दोन्ही एकाच वेळी होतं.

बाकावरचा माणूस

परवा तपासणीला धुळ्याला गेलो. दांड्यांच्या मधून माझ्या वयाचा एक माणूस चालत होता. शिरपूरकडचा शेतकरी, त्याचाही डावाच गेलेला. पाय नवाच, जोडे अजून चकचकीत. लोक टाळ्या वाजवत होते. साहेबांच्या हातात मोबाइल होता. ते मला बघून कसंनुसं हसले. त्या माणसाची बायको कोपऱ्यात पिशवी पोटाशी धरून उभी होती, डोळे पुसत. मला तिच्या जागी सुमन दिसली.

त्याचं चालणं संपलं, तो बाकावर येऊन बसला. मी त्याच्या शेजारी बसलो.

"नाना, किती दिवस झाले पायाला?"

"म्हयना झाया व्हई," तो अहिराणीत म्हणाला. "झकास शे. काही तरास नई."

"घरात काय घालता?"

"घरमा?" त्याने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "घरमा कोन जोडा घालस भाऊ?"

"शुगर आहे?"

"शे ना. तिन्हामुयेच तं गया पाय."

मी बाकावरून खाली उतरलो. मला खाली बसायला वेळ लागतो, डावा पाय बाजूला टाकावा लागतो. बसलो आणि त्याच्या उजव्या जोड्याचा बंद सोडायला लागलो. तो दचकून मागे सरकला. "ओ भाऊ! पायले हात नका लावू! काय करी ऱ्हायनात?"

"नमस्कार नाही करत. बघू द्या."

"तो पाय चांगला शे मना!"

"म्हणूनच बघतो."

साहेब लांबून म्हणाले, "काका, प्लीज, दुसऱ्या पेशंटला त्रास नको." त्याची बायको दोन पावलं पुढे आली होती आणि मला अडवावं की नाही ते तिला कळत नव्हतं. मी पायमोजा ओढून काढला आणि त्याचा तळवा माझ्या मांडीवर घेतला. टाच ठीक होती. बोटं ठीक होती. चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, कातडी पिवळी, जाड झालेली होती, आणि तिच्या मधोमध एक काळपट ठिपका होता. मी त्यावर बोट टेकवलं. गरम होतं.

मी त्याच्याकडे बघितलं. तो ओशाळून हसत होता.

"ते जराबी दुखत नई, भाऊ," तो म्हणाला.

"तेच तर," मी म्हणालो, आणि त्याचा पाय न सोडता मॅडमच्या दाराकडे तोंड करून जेवढं जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडलो.